शनोंसो: शेर नदीवरचा शातो, त्याच्या दोन बागा आणि एक अख्खा दिवस

मैत्रेयी_तूर

इथल्या फ्रान्सच्या धाग्यांवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: पॅरिसहून निघून एका दिवसात लुआर नदीच्या खोऱ्यातले किती शातो, म्हणजे जुने वाडे-राजवाडे, होतील? शांबोर, शनोंसो आणि आंबुआज एका दमात उरकणाऱ्या बससहली मिळतात, हे खरं. मी तूर शहरात राहते, शनोंसो इथून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर. माझं कळकळीचं सांगणं आहे की बाकीचं हवं ते गाळा, पण शनोंसोला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या. दीड तासात तिथे फक्त फोटो होतो.

फोटोतली ती पांढरी इमारत आणि नदीवरच्या कमानी सगळ्यांना माहीत असतात. त्या एका वेळी बांधलेल्या नाहीत, आणि समोर उभं राहिलं की ते दिसतं. मुळात इथे मार्क घराण्याची गढी होती आणि शेर नदीच्या पात्रात त्यांची पाणचक्की होती. तोमा बोहिए या राजाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याने १५१३ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली आणि गढी पाडली. फक्त एक गोल बुरूज ठेवला. तो आजही पुढच्या चौकात उभा आहे, शेजारी विहीर आहे. नवं घर मात्र त्याने जमिनीवर बांधलंच नाही. पाण्यातल्या चक्कीच्या दगडी पायावर चढवलं. म्हणून ते एवढं चौकोनी आणि आटोपशीर आहे. पाया जेवढा, तेवढंच घर.

बोहिए बराचसा काळ इटलीतल्या युद्धांत अडकलेला. बांधकामावर लक्ष त्याची बायको कातरीन ब्रिसोने हिचं. आत शिरल्यावर पहिला दालनासारखा मार्ग लागतो, तिथे मान वर करा. छताच्या कमानी जिथे एकमेकींना मिळतात ते मधले दगड सरळ रेषेत नाहीत, नागमोडी गेलेत. एक डावीकडे सरकलेला, पुढचा उजवीकडे. मुद्दाम केलेलं काम आहे. पुढे जिना लागतो. तोही सरळ चढत जाऊन मध्ये वळणारा, इटालियन पद्धतीचा. फ्रान्समध्ये तेव्हा गोल फिरत जाणारे जिने असायचे. असे सरळ जिने तिथे नुकतेच येऊ लागले होते, त्यातला हा एक. बोहिए नवरा-बायकोची आद्याक्षरं घरभर कोरलेली आहेत, आणि एक बोधवाक्यही: हे काम पुरं झालं तर माझी आठवण राहील, अशा अर्थाचं. काम पुरं झालं, पण दोघंही लवकर गेली, तो १५२४ मध्ये, ती १५२६ मध्ये. मग बोहिएच्या हिशेबात सरकारी देणं निघालं आणि १५३५ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने मुलाकडून शातो घेतला.

इथून पुढची गोष्ट दियान द प्वातिए आणि कॅथरीन दे मेदिची यांची. ती बहुतेकांना 'राजाची प्रेयसी विरुद्ध राजाची राणी' एवढीच माहीत असते. माझ्या मते या दोघींना ओळखायचं तर त्यांच्या बागांत फिरावं. दुसऱ्या हेन्री राजाने १५४७ मध्ये शनोंसो आपल्या प्रेयसीला, दियानला दिलं. तिने चौकाच्या पूर्वेला, नदीच्या वरच्या अंगाला बाग केली. १२,००० चौरस मीटर. कॅथरीनची बाग पश्चिमेला, ५,५०० चौरस मीटर, म्हणजे निम्म्याहून लहान. पण शातोच्या कुशीत, पाण्याच्या अगदी जवळ.

दियानच्या बागेला चारी बाजूंनी दगडी बांध आहे, त्यावरून चालता येतं. शेर नदीला पूर येतो आणि बाग काठावर. म्हणून आधी नदीपासून जमीन उचलून घेतली, भिंती बांधल्या आणि मग माती, रोपं. बांधावरून खाली बघितलं की आराखडा कळतो: हिरवळीचे आठ त्रिकोण, मधून मार्ग, हिरवळीवर सांतोलिना या राखाडी झुडपाच्या वेलबुट्ट्या. मध्यभागी कारंजं आहे. झाक आंद्रुए द्यू सेर्सो या वास्तुकाराने १५७६ च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं होतं: एका मोठ्या दगडाला बारीक भोक, भोकात लाकडी खुंटी, आणि तिथून उंच उसळणारी धार. त्या वर्णनावरून ते पुन्हा बसवलंय.

माझा क्रम सांगते. दार उघडायच्या वेळेला पोचा आणि थेट शातोत शिरा, कारण बस यायला लागल्या की आत धक्काबुक्की होते. सकाळी ऊन पूर्वेच्या अंगावर असतं, त्यामुळे आतून बाहेर पडल्यावर आधी दियानची बाग. दुपारी भाजीपाल्याची आणि फुलांची बाग, चक्रव्यूह, झाडी. उन्हं कलल्यावर कॅथरीनची बाग, तेव्हा पश्चिमेची भिंत उजळते. पुलावरच्या दालनाबद्दल आणि महायुद्धांबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, नाहीतर धागा पहिल्याच पोस्टमध्ये संपेल.

गोदाकाठची

वाचतेय. मैत्रेयीताई, छान सुरुवात. पुलाबद्दल लिहाच. मला कधीच कळलं नव्हतं की पूल दियानचा की कॅथरीनचा. गाइडने दोघींचं नाव घेतलं आणि पुढे पळाला.

मैत्रेयी_तूर

गोदाकाठची, दोघींचाही. दियानला पलीकडच्या काठावर शिकारीला जायचं होतं, तिकडे जमीनही होती. फिलिबेर द लोर्म या वास्तुकाराने तिच्यासाठी १५५६ ते १५५९ या काळात पूल बांधला. नुसता पूल, वर काही नाही. मग १५५९ च्या जूनमध्ये एका भालायुद्धात हेन्रीच्या डोळ्यात भाल्याचा तुकडा घुसला आणि जुलैमध्ये तो गेला. कॅथरीनने दियानकडून शनोंसो घेतलं आणि बदल्यात लुआरकाठचा शोमों हा शातो दिला. दियान आने या गावातल्या आपल्या घरी जाऊन राहिली, १५६६ मध्ये वारली.

नंतर कॅथरीनने त्या पुलावर दुमजली दालन चढवलं. आराखडा झां ब्युलां याचा मानतात. ६० मीटर लांब, ६ मीटर रुंद, १८ खिडक्या. फरशी पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या स्लेटच्या चौकटींची. १५७७ मध्ये तिने मुलगा तिसरा हेन्री याच्यासाठी तिथे मोठा जलसा केला. म्हणजे ज्या नदीवर दियान घोड्यावरून पार जायची, तिथे आता नाच चालले होते.

शेवटाकडे चालत जाताना मधल्या एखाद्या खिडकीत थांबा. प्रत्येक खिडकी भिंतीत आत घेतलेली आहे, दोघांना उभं राहता येईल एवढी. खालून पाण्याचा आवाज येतो. दालनात गर्दी असली तरी त्या खोबणीत आवाज वेगळा होतो.

विश्वासराव_५८

बाईसाहेब, उत्तम लिहिताय. एक पुरवणी जोडतो. दियानने शातो नुसता भेट म्हणून घेतला आणि स्वस्थ बसली असं नाही. फ्रान्समध्ये राजाची मालमत्ता कायमची कुणाला देता येत नसे. पुढचा राजा ती काढून घेऊ शकत होता. तिला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने कोर्टकज्जा घडवून आणला: शनोंसो मुळात राजाच्या मालमत्तेत सामील झालंच नव्हतं असं ठरवून घेतलं, ते कागदोपत्री बोहिएच्या मुलाकडे परत गेलं, त्याच्या देण्यापायी लिलावात निघालं आणि तिने ते रीतसर विकत घेतलं. १५५५ साल. मी आयुष्यभर जमिनीच्या दस्तांचं काम केलं, त्यामुळे तिची ही चिकाटी मला त्या बागेइतकीच बघण्यासारखी वाटते. सातबारा स्वच्छ करून घ्यायचा तो असा.

आणि एवढं करूनही हेन्री मेल्यावर घर सोडावं लागलंच. कागद पक्का होता म्हणून निदान बदल्यात शोमों तरी पदरात पडलं, असं मला वाटतं.

जुई

विश्वासकाका, हे माहीतच नव्हतं! आभार.

मी दियानच्या शयनगृहातली एक गोष्ट सांगते. तिथल्या शेकोटीच्या चौकटीवर हेन्री आणि कॅथरीन यांची आद्याक्षरं एकात एक गुंफलेली आहेत. एच आणि सी. पण ती अशी गुंफलीत की सहज बघणाऱ्याला डी दिसतो, म्हणजे दियान. राजाचं खरं मनात काय होतं ते दगडात राहिलं, आणि राणीला हरकत घ्यायला जागाही राहिली नाही. आता त्या शेकोटीवर कॅथरीनचं चित्र लावलंय. मी त्या खोलीत खूप वेळ उभी होते.

सह्याद्रीचा_पाहुणा

थोडा विरोधी सूर लावतो. मी गेलो तेव्हा ऑगस्ट होता. आत एवढी गर्दी की पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज काही दिसेना. एका टूर कंपनीने आम्हाला पाऊण तास दिला होता, त्यातला निम्मा रांगेत. बागांचं म्हणाल तर याच खोऱ्यातल्या व्हिलांद्री शातोची बाग याहून कितीतरी सरस. भाजीपाल्याचे चौकोन, कोबीचे रंग, पायऱ्या पायऱ्यांनी वर जाणारी रचना. शनोंसोच्या बागा मला तुलनेने सपाट वाटल्या. मग एवढं कौतुक का?

मैत्रेयी_तूर

सह्याद्रीचा_पाहुणा, पाऊण तास ही खरंच अन्यायाची गोष्ट आहे, आणि ऑगस्टमध्ये तर फारच. व्हर्साय सोडलं तर लोक फ्रान्समध्ये ज्या शातोत सर्वांत जास्त जातात त्यात याचं नाव घेतात, त्यामुळे गर्दी असतेच.

व्हिलांद्रीबद्दल तुमच्याशी सहमत आहे, त्या बागेला तोड नाही. पण ती आज जशी दिसते तशी विसाव्या शतकात जोआकिम कार्वायो यांनी पुन्हा उभी केली, आणि ती वरून बघायची बाग आहे. शनोंसोच्या बागा पाण्याशी बांधलेल्या आहेत. त्यांची उंची, भिंत, मोकळेपणा हे सगळं नदी ठरवते. आणि त्यांच्या मागे एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक बघत नाहीत: फुलांची मळ्यासारखी बाग. जुन्या सोळाव्या शतकातल्या शेतघरांच्या पलीकडे जवळजवळ हेक्टरभर जागा आहे, बारा चौकोनांत वाटलेली, कडेला सफरचंदाची झाडं आणि गुलाब. भाज्या आणि फुलं तिथेच लावतात. शातोत प्रत्येक खोलीत ताजी फुलं असतात, ती इथून तोडून, शेजारच्या कार्यशाळेत बांधून नेलेली. दोन्ही मोठ्या बागांत वर्षाला सुमारे १,३०,००० रोपं लावतात आणि तीही याच जागेत वाढवलेली. वसंतातली काढली की उन्हाळ्याची.

मी एकदा सकाळी तिथे एका माळीणबाईंना डेलिया तोडताना बघितलं. दांडा तिरका कापून लगेच गुडघ्याएवढ्या उंच बादलीत, खालची पानं तिथल्या तिथे ओरबाडून काढलेली. बादल्या रंगांप्रमाणे वेगळ्या. एका बादलीत नुसती बडीशेपेची फुलं आलेली ताटं होती. तीच ताटं तासाभराने मला कॅथरीनच्या खोलीतल्या फुलदाणीत दिसली, गडद लाल डेलियांच्या मागे. पाचशे वर्षांपूर्वीच्या भिंतींना आजच्या सकाळची फुलं, हे मला कुठल्याही शातोत इतक्या मनापासून केलेलं दिसलेलं नाही.

आर्या_ल्यों

+१ फुलांच्या बाबतीत. मी ल्यों शहरात राहते, दर वर्षी पाहुणे आले की घेऊन जाते. बाकीचे शातो आतून गार आणि रिकामे वाटतात. शनोंसोत शेकोट्या पेटवतात थंडीत, फुलं असतात, स्वयंपाकघरात तांब्याची भांडी लखलखतात. घर वाटतं.

स्वयंपाकघर कुणी लिहिलं नाही अजून. ते पुलाच्या पहिल्या खांबांच्या पोटात आहे, पाण्याच्या अगदी वर. जिन्याने खाली उतरावं लागतं. कोठीघर, खाटकाची खोली, नोकरांची जेवायची जागा, सोळाव्या शतकातली मोठी चूल आणि शेजारी पावाची भट्टी. सामान होडीने यायचं आणि थेट खालच्या धक्क्यावर उतरायचं. खाटकाच्या खोलीतले आकडे आणि सुऱ्या अजून टांगलेल्या आहेत, लहान मुलं तिथे हमखास रेंगाळतात.

कृष्णाकाठ_वाई

मला एक वेगळीच शंका आहे. आम्ही नदीकाठची माणसं, पुराचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून येताना दर पावसाळ्यात बघतो. तिथे तर घरच पात्रात उभं आहे. पाचशे वर्षं टिकलं कसं? आणि दगड कुठला?

मैत्रेयी_तूर

कृष्णाकाठ, दगड तुफो. या भागातली पांढरी, मऊ चुनखडी. खाणीतून काढली की करवतीने कापता येते, म्हणून कोरीवकाम इतकं नाजूक. पण मऊ आहे म्हणून झिजतेही, त्यामुळे दुरुस्ती कायम चालू असते. छपरं स्लेटची. पांढरं अंग आणि काळसर निळं डोकं, या खोऱ्यातली बरीच घरं अशीच दिसतात.

पाण्याबाबत: शेर नदी इथे मंद आहे. मोठे पूर येतात, पण सह्याद्रीतल्या नद्यांसारखा उतार नाही. खांब भक्कम आणि प्रवाहाकडचं त्यांचं तोंड पाणी दुभंगेल असं निमुळतं काढलेलं. मधल्या कमानी मोकळ्या असल्याने पाण्याला वाट राहते. एकोणिसाव्या शतकात होड्यांची वाहतूक चालावी म्हणून या नदीवर ठिकठिकाणी लाकडी दांड्यांचे बंधारे घातले. सुईसारखे उभे दांडे एकमेकांना खेटून लावायचे, पूर आला की काढून घ्यायचे. त्यांतले काही अजून वापरात आहेत. उन्हाळ्यात दांडे लावलेले असले की पाणी तुंबून राहतं आणि शातोचं प्रतिबिंब आरशासारखं पडतं. काढलेले असले की पात्र उथळ दिसतं.

विश्वासराव_५८

काढता येणारे लाकडी दांडे म्हणजे आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याशी जवळचं नातं. तिथे फळ्या आडव्या, इथे दांडे उभे. पावसाळ्याआधी काढायचे, पाणी ओसरलं की घालायचे.

कृष्णाकाठ_वाई

विश्वासकाका, अगदी हेच मनात आलं होतं. आमच्याकडे फळ्या वेळेत काढल्या नाहीत की काय होतं ते आम्हाला चांगलं माहीत आहे. ताई, माहितीबद्दल आभारी आहे.

नीरज_के

महायुद्धांचं सांगणार होतात ना? मला तोच भाग जास्त जवळचा वाटतो. पहिल्या महायुद्धात तिथे इस्पितळ होतं एवढं ऐकलंय.

मैत्रेयी_तूर

हो नीरज. १९१३ मध्ये शनोंसो मेनिए कुटुंबाने घेतलं, चॉकलेटचे मोठे कारखानदार. आजही मालकी त्यांच्याच घराण्याची आहे, सरकारची नाही. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि गास्तों मेनिए यांनी स्वखर्चाने पुलावरच्या दालनात लष्करी इस्पितळ उभं केलं. १२० खाटा. युद्ध संपेपर्यंत २,२५४ जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. मेनिएंची सून सिमोन मुख्य परिचारिका होती. ज्या फरशीवर कॅथरीनचे जलसे झाले तिच्यावर दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा. खाली स्वयंपाकघरातली मोठी लोखंडी चूल त्या काळची आहे.

दुसऱ्या महायुद्धात तर नदीच सीमा झाली. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सचे दोन भाग पडले. उत्तर काठ जर्मनांच्या ताब्यात, दक्षिणेचा काठ तथाकथित मुक्त भागात, आणि मधून शेर. शातोचं मुख्य दार एका बाजूला, दालनाचं टोकाचं दार दुसऱ्या बाजूला. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनांनी दक्षिणही घेतली, तोपर्यंत या दालनातून माणसं पलीकडे काढली गेली. साठ मीटर चाललं की कैदेतून सुटका. आज आपण तेच अंतर खिडक्यांतून फोटो काढत चालतो. मी कुणालाही घेऊन गेले की त्या दारापाशी हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

१९४४ मध्ये बाँब पडून प्रार्थनागृहाच्या रंगीत काचा गेल्या. आत्ता दिसतात त्या माक्स अँग्रां यांच्या, १९५४ च्या.

नीरज_के

अंगावर काटा आला. हे त्या दारापाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

गोदाकाठची

प्रार्थनागृहाचा विषय निघालाय तर: भिंतीवर स्कॉटिश सैनिकांनी कोरलेली वाक्यं आहेत ना? १५४३ आणि १५४६ ची. आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात हे प्रार्थनागृह वाचलं कसं, ते कुणीतरी नीट सांगा.

आर्या_ल्यों

सांगते. त्याचं श्रेय लुईझ द्युपॅं यांना. क्लोद द्युपॅं यांनी १७३३ मध्ये शनोंसो घेतलं आणि त्यांच्या पत्नीने तिथे विचारवंतांची मैफल जमवली. व्होल्तेर, माँतेस्क्यू, ब्युफों ही सगळी मंडळी त्यांच्याकडे येत. रूसो त्यांचा चिटणीस होता, मुलाला शिकवायचाही. बाईंनी स्त्रियांच्या हक्कांवर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला होता, त्यासाठी टिपणं काढायचं काम रूसोकडे होतं. तो ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. रूसोचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे आणि जिच्या टेबलाशी बसून तो उतारे काढत होता तिचं नाव शनोंसोबाहेर कुणाला ठाऊक नाही.

क्रांतीत बाई ऐंशीच्या पुढे होत्या. गावकऱ्यांत त्यांच्याबद्दल आदर होता. शातो पाडायची भाषा झाली तेव्हा त्यांनी दाखवून दिलं की आजूबाजूच्या कित्येक मैलांत नदी ओलांडायला हा एकच पूल आहे, पाडलात तर गावाचंच नुकसान. आणि प्रार्थनागृहात जळाऊ लाकूड भरून ठेवलं, त्यामुळे ती जागा देवाची आहे हे बाहेरून कळेना. १७९९ मध्ये, ९३ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची समाधी तिथल्याच झाडीत आहे.

जुई

म्हणजे कातरीन ब्रिसोनेने बांधलं, दियानने पूल टाकला, कॅथरीनने दालन चढवलं, द्युपॅं बाईंनी वाचवलं. आणि लुईझ द लोरेन? तिची काळी खोली मला विसरता येत नाही.

मैत्रेयी_तूर

जुई, बरं झालं आठवण केलीस. तिसऱ्या हेन्रीचा १५८९ मध्ये एका भिक्षूने खून केला. त्याची राणी लुईझ शनोंसोला होती. ती पुढची वर्षं तिथेच राहिली. फ्रान्सच्या राण्या दुखवट्यात पांढरं नेसत, म्हणून तिला लोक पांढरी राणी म्हणू लागले. खोली मात्र तिने काळी करून घेतली. वरच्या मजल्यावर आहे. छताच्या फळ्या मूळच्या, त्यावरून बाकीची खोली पुन्हा सजवली. काळ्यावर चंदेरी रंगात अश्रू, विधवेच्या दोऱ्या, काटेरी मुकुट आणि थडगं खणायची फावडी रंगवलेली आहेत. गर्दीतले बरेच लोक जिने चढायचा कंटाळा करून ती खोली गाळतात. गाळू नका.

मनीषा_पिंपरी

धागा अप्रतिम चाललाय! आता माझे व्यावहारिक प्रश्न. पुढच्या मे महिन्यात जातोय. सोबत सासूबाई (गुडघ्याचा त्रास, जिने फार चढवत नाहीत, शुद्ध शाकाहारी) आणि आठ वर्षांचा मुलगा. पॅरिसहून कसं जायचं? मुक्काम करावा का? आणि खायचं काय?

आर्या_ल्यों

मनीषा, पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) सॅं-पिएर-दे-कोर किंवा तूर, साधारण एक ते सव्वा तास. तिथून तूर-व्हिएर्झों मार्गावरची लोकल. शनोंसोचं स्टेशन शातोच्या फाटकापासून काही मिनिटांवर आहे, टॅक्सी लागत नाही. फक्त या लोकल दिवसभरात मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा आणि त्याप्रमाणे दिवस आखा. स्टेशनवर गावाच्या नावाच्या शेवटी एक्स हे अक्षर दिसेल, शातोच्या नावात ते नसतं. गोंधळू नका, जागा तीच.

मुक्काम तूर किंवा आंबुआजला करा. आंबुआजला लिओनार्दो दा व्हिंचीचं शेवटचं घर आहे, क्लो ल्यूसे. १५१९ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या यंत्रांच्या प्रतिकृती बागेत मांडल्यात, मुलाला फार आवडेल. शनोंसोला मुलासाठी चक्रव्यूह आहे. सदाहरित यू झाडांची २,००० रोपं लावून केलेला, मध्ये छत्रीसारखा छोटा मंडप आहे. भिंती फार उंच नाहीत, त्यामुळे तुम्हाला बाहेरून मुलगा दिसत राहतो.

मैत्रेयी_तूर

मनीषा, सासूबाईंसाठी: फाटकापासून शातोपर्यंत मोठ्या चिनार झाडांचा सरळ रस्ता आहे, सुमारे एक किलोमीटर. सावली दाट आहे पण चालावं लागतं, तेव्हा सावकाश. बागांचे रस्ते सपाट, बारीक खडीचे. शातोचा तळमजला जिन्याविना होतो, आणि दियानची खोली, प्रार्थनागृह, पुलावरचं दालन हे सगळं तळमजल्यावरच आहे. स्वयंपाकघर खाली आणि शयनगृहं वर, ती तुम्ही आळीपाळीने बघा. एकाने आईंजवळ थांबायचं. दियानच्या बागेच्या बांधावर चढायला पायऱ्या आहेत, पण त्यांना खालून बागेत फिरता येईल.

मे महिना उत्तम. वसंताची फुलं काढून उन्हाळ्याची लावायचं काम साधारण त्याच सुमारास चालतं, त्यामुळे एखादा चौकोन उघडा दिसला तर निराश होऊ नका. थांबून बघा, माळ्यांची रेषा आखायची पद्धत बघण्यासारखी असते. गुलाब मेच्या शेवटी.

खाण्याचं: आवारात उपाहारगृहं आहेत, पण शुद्ध शाकाहारींना तिथे पर्याय थोडे. सरळ तूरच्या बाजारातून पाव, फळं, टोमॅटो घेऊन या, प्रवेशद्वाराजवळ बसून खायची जागा आहे. या भागात बकरीच्या दुधाचं सॅंत-मोर चीज प्रसिद्ध आहे, लांब ओंडक्यासारखं, मध्ये गवताची काडी. पण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. सासूबाई कडक असतील तर त्यांना आधी सांगा. थेपले, दशम्या सोबत असतील तर उत्तम.

सह्याद्रीचा_पाहुणा

मैत्रेयीताई, तुमचं उत्तर वाचून पुन्हा जावंसं वाटतंय. यावेळी बस नाही. सायकलने जाता येतं का? आणि पाण्यातून?

मैत्रेयी_तूर

दोन्ही जमतं. शेरच्या काठाने सायकलचा मार्ग आहे, तूरहून निघालात तर रमतगमत अर्धा दिवस. नदीतून कयाक किंवा कनू भाड्याने मिळते, उन्हाळ्यात. कमानींखालून जाता येतं, पाणी किती आहे त्यावर अवलंबून. खालून कमानीचा पोटाकडचा दगड दिसतो, त्यावर पाण्याची हलती चमक पडलेली असते, आणि वरच्या खिडक्यांतून लोक हात करतात. तुम्हाला बागा सपाट वाटल्या होत्या ना, नदीतून दियानच्या बागेची भिंत बघा. पाण्याच्या पातळीपासून ती किती वर उचललीय ते तिथून कळतं.

पुलाच्या दालनातलं पलीकडचं दार हंगामात उघडं असतं. तिथून बाहेर पडून डाव्या काठाच्या झाडीतून चालत गेलात तर गर्दी जवळजवळ नसते. पण ते दार बंद व्हायची वेळ मुख्य फाटकाच्या आधीची असू शकते. निघताना तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या.

मनीषा_पिंपरी

सगळ्यांचे खूप आभार. आंबुआजला दोन रात्री ठरवल्या, त्यातला एक पूर्ण दिवस शनोंसो. शोमोंची बाग राहिली, तिथे दर वर्षी बागांचा महोत्सव असतो म्हणे?

आर्या_ल्यों

हो, १९९२ पासून. वसंतापासून शरदापर्यंत असतो, म्हणजे मेमध्ये चालूच असेल. आंबुआजहून शोमोंसाठी ओंझें स्टेशनला उतरायचं आणि लुआरवरचा पूल चालत ओलांडायचा. शातो टेकडीवर आहे, चढ बराच आहे, त्यामुळे सासूबाईंसाठी त्या दिवशी टॅक्सी सांगून ठेव.